चौथ्या टाकीतली काळी

पुण्यात मला माझ्या नाकाचा पगार मिळतो. बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी चव पाहायचं काम करते. सकाळी चहा न घेता, ओळीनं मांडलेले ग्लास हुंगायचे, एकेक घोट घ्यायचा आणि कशात काय बिघडलंय ते बनवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. थुंकून चालत नाही, कारण बिअरचा कडवटपणा घशाखाली उतरल्यावरच कळतो. नातेवाइकांना मी 'खाण्यापिण्याच्या कंपनीत आहे' एवढंच सांगते. त्यातलं खाणं कुठे आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

माझ्या थोरल्या भावाला असली लपवाछपवी जमत नसे. हे काम तो माझ्या आधी शिकला आणि मलाही त्यानंच यात ओढलं. मग एक दिवस पुणं सोडून तो वाशीमला परत आला. मालेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, एक बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. तिची शेड घेतली, परवान्यासाठी तीन वर्षं खेटे घातले आणि चार टाक्या उभ्या केल्या. शेडमागच्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. आसपासचे लोक त्या जागेला भट्टीच म्हणायचे. 'भट्टीवर हाये का भाऊ?' असं कोणी विचारलं की दादा चिडून त्याला ब्रुअरी हा शब्द म्हणायला शिकवायचा.

हलकी बिअर तो करायचाच नाही. तसलं काही प्यायचं तर सरळ विहिरीवर जा, म्हणायचा. त्याच्या तीन बिअर होत्या आणि तिन्ही कडक. संत्र्याची सोनेरी असायची. ग्लास नाकाशी नेला की साल पिळल्यावर उडतो तो तुषार आधी यायचा, मग मध, मग ताज्या पावाचा वास. शेवटी सालीच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्याचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी बसायचा आणि कानामागे ऊब चढायची. ज्वारीची गढूळ. मोड आणून, वाळवून, भाजलेली ज्वारी. तिला भाकरीच्या करपल्या पापुद्र्याचा वास आणि मागे आंबिलीची आंबटसर चव. ती फार फसवी होती. तिसऱ्या ग्लासानंतर उठायला निघालेला माणूस मुकाट्यानं परत बसायचा.

आणि तिसरी काळी. मोहफुलं, काळपट भाजलेलं धान्य आणि गूळ. तिच्यावर विटकरी रंगाचा फेस यायचा. वास काकवीचा, जुन्या चिंचेचा, भिजलेल्या मनुकांचा. आणि या सगळ्याखाली मोहाचा तो दमट, गोड, जरासा जनावरासारखा वास, जो काही जणांना जवळ ओढतो आणि काही जणांना खोलीबाहेर काढतो. मला ती फार आवडायची. माझी तक्रार एकच होती, शेवट सपाट. घोट गिळला की चव एकदम संपायची. मी फोनवर दादाला म्हटलं, शेवटच्या गुळात संत्र्याची साल उकळून घाल. तो म्हणाला, "काळी हाये का चिवडा?" आणि हसत फोन ठेवला. ते आमचं शेवटचं बोलणं.

काळीला गूळ एकदम घालत नाहीत. इतक्या गोडात यीस्ट दमतं, म्हणून तीन वेळा, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, वितळवलेला गूळ वरच्या तोंडातून ओततात. प्रत्येक वेळी टाकी उसळते आणि वायू भसाभसा बाहेर पडतो. तो हवेहून जड असतो. खोलगट जागा सापडली की पाण्यासारखा साचतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. नाकालाही कळत नाही, निदान वेळेवर तरी नाही. काळी चौथ्या टाकीत असायची आणि चौथी टाकी होती जिनिंगच्या जुन्या इंजिनाच्या खड्ड्यात, पाच पायऱ्या खाली. तिथं उन्हाळ्यातही गारवा असे म्हणून दादानं ती जागा निवडली होती. टाकीचं वरचं तोंड शेडच्या जमिनीला लागून आणि नमुना काढायची तोटी पार तळाशी.

हवा ओढणारा पंखा होता, वायू मोजणारं यंत्रही होतं. पण दोन्ही विजेवर, आणि सकाळी वीज नसे. तेव्हा दादा दिवा ठेवायचा. आमच्याकडे पूर्वी जमिनीखालचं धान्याचं पेव उघडलं की माणसाआधी त्यात दिवा सोडत. दिवा विझला तर त्या दिवशी कोणी खाली उतरायचं नाही. दादा पहाटे खड्ड्याच्या फरशीवर तेलाचा दिवा लावून वर यायचा आणि नंतर उतरण्याआधी पायऱ्यांवरून बघायचा. दिवा टाकीच्या आड असे. वरून फक्त टाकीच्या पत्र्यावर त्याचा पिवळा ठिपका दिसायचा. ठिपका असला की उतरायचं. मी त्याला म्हणायचे, तू इंजिनिअर आहेस का भगत? तो म्हणायचा, यंत्र खोटं बोलते, दिवा नाई बोलत.

डिसेंबरातल्या एका सकाळी नऊच्या सुमारास वहिनी चहाचा कप परत आणायला शेडमध्ये गेली. पत्र्यावर पिवळा ठिपका होता. तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही. दोन पायऱ्या उतरून डोकावली तर दादा टाकीपाशी आडवा, हातात रिकामा ग्लास, आणि दिवा जळत होता. तिच्या ओरडण्यानं रस्त्यावरचे दोघं-तिघं धावले, त्यांनी श्वास रोखून त्याला वर काढलं. श्वास कोंडून गेला, असं डॉक्टरांनी लिहिलं. अपघात, असं पोलिसांनी लिहिलं. लोकांनी मात्र यातलं काही ऐकलं नाही. दिवा जळत होता म्हणजे हवा चांगली होती, मग माणूस कशानं गेला? कोणी म्हणालं, जिनिंगच्या खड्ड्यानं पूर्वीही एक माणूस घेतला होता. कोणी म्हणालं, त्यानं काहीतरी खाल्लं असणार, घरात भांडण होतं.

भांडण होतंच. मी पुण्याहून पोचले तेव्हा वहिनी रडत नव्हती. बायका उठून गेल्यावर तिनं माझा हात धरून खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"आदल्या दिवशी संध्याकाळी मी बोलली त्यायले," ती म्हणाली. "म्हटलं, तुमाले घर नाई पायजे, बायको नाई पायजे, तर मरा त्या खड्ड्यात जाऊन. अन् ते तिथंच मेले, ताई. त्यायनं माझं ऐकलं का? तेवढं सांगा मले. बाकी काही नको."

वीस वर्षं मी या बाईला ओळखते. ती रिठदची, सडेतोड; माझ्या पुणेरी चहाला तोंडावर पाणचट म्हणणारी. ती मला इतक्या हळू आवाजात काही विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, काहीतरीच काय. पण ते उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही.

जिथं माणूस जातो तिथं दहा दिवस भुईवर दिवा ठेवतात. घरात एक ठेवलाच होता, पण वहिनीनं हट्टानं दुसरा खड्ड्यात, टाकीपाशी ठेवला होता. तो राहत नव्हता. तेल भरलेलं, वात नवी, वारा नाही, तरी विझायचा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिच्या मागे शेडमध्ये गेले. तिनं शेवटच्या पायरीवरून वाकून, हात लांब करून, पेटलेली पणती फरशीवर टेकवली. ज्योत आधी लांब झाली. मग वातीपासून सुटली, बोटभर वर नुसती हवेत राहिली, आणि नाहीशी झाली. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"दिवा घेऊनच नाई राह्यले ते," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

मी तिचा दंड धरून तिला फरफटत वर आणलं. ओरडलेच तिच्यावर. टाकी अजून चालू आहे, खड्ड्यात गॅस भरलाय, वाकशील तर तूही तिथंच पडशील. सगळं समजावून सांगितलं, कसा साचतो, कुठवर साचतो. ती दम खात ऐकत होती.

"अस्सं," ती म्हणाली. "मग त्या दिवशी कसा जळत होता?"

मी भुताखेतांतली नाही. पण त्या शेडमध्ये बसून ज्यानं चौथ्या टाकीचा आवाज ऐकला नाही त्यानं मला शहाणपणा शिकवू नये. टाकीतून निघणारी नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली असते, त्यातून वायू बुडबुडत बाहेर येतो. बुड्, मग थांबा, मग बुड्. झोपलेला माणूस शेजारी असावा तसं. दादा गेला आणि त्यानं सुरू केलेलं ते तसंच चालू राहिलं, त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. शेडमध्ये काम करणारे म्हातारे काका मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे. दादा गेला त्या सकाळी ते सुटीवर होते. परत आल्यावर त्यांनी इतर तीन टाक्यांचं काम सांभाळलं, पण खड्ड्याच्या कडेपाशीसुद्धा जाईनात. "ते टाकी कोणाची तरी वाट पाहून राह्यली," म्हणाले. मी त्यांना चिडवायला गेले, पण माझा आवाज मलाच बरा वाटला नाही.

तेराव्यानंतर मी ठरवलं की काळी चाखायची. मला दुसरं काही येतच नव्हतं. वीज असताना पंखा तासभर चालवला, यंत्राचा आकडा पाहिला आणि मग उतरले. जिथं तो पडला होता तिथंच वाकावं लागतं, तोटी तिथंच आहे. अर्धा ग्लास भरून वर आले आणि शेडच्या दारात, उन्हात बसले.

आधी गेल्या वर्षीची बाटली उघडली, जिभेला ओळख पटावी म्हणून. काकवी, चिंच, मनुका, मोह आणि शेवटी ती सपाट भिंत. मग टाकीतली. अजून कच्ची होती, गढूळ, यीस्टचा पिठूळ वास. पण जोर विलक्षण. गोडी जवळजवळ खाऊन टाकलेली, घशात उतरताना चटका. दोनदाच गूळ मिळालेल्या काळीत इतकी आग नसते. दादाच्या वहीत दोनच गुळांची नोंद होती. तिसऱ्याची त्या सकाळची ओळ कोरी होती. मी दुसरा घोट घेतला, गिळला आणि थांबले. चव संपली नाही. मोहाच्या त्या जनावरी वासामागून, अगदी हळू, संत्र्याची साल आली. उकळलेली, कडवट, स्वच्छ. बराच वेळ ती तोंडात राहिली.

दारात ऊन होतं, समोर तुरीत माणसं काम करत होती, आणि मेलेल्या भावानं माझ्या सूचनेचं उत्तर माझ्या तोंडात ठेवलं होतं. त्याच्याशिवाय ते करणारं तिथं कोणी नव्हतं. नंतर रडू आलं, तेही सांगून टाकते.

मी वहिनीला गाठलं. म्हटलं, "वहिनी, त्यानं त्या सकाळी तिसरा गूळ घातला होता. माझं ऐकून साल बी घातली. मरायला निघालेला माणूस बिअरची चव सुधारत बसत नाई. गूळ ओतला अन् चव पाहाले खाली उतरला, बस."

ती पहिल्यांदा मोकळी रडली. मी तिला रडू दिलं आणि मनातून खूश झाले, नाकाचं चीज झालं म्हणून. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पण दिवा, ताई? दिव्यानं काहून फसवलं त्यायले? मी तर किती नीट ठेवला होता."

"तू ठेवला?"

"चहा घेऊन गेली सकाळी. ते विहिरीवर होते. खाली पाह्यलं तर दिवा भुईवर. रोजच राह्यते तसा, पण आदल्या दिवशी मी तसं बोलली होती ना. मेल्या माणसापाशी ठेवतात तसाच दिसला मले. म्हणून उतरली, उचलला, तिथल्या स्टुलावर ठेवला, खाली चार दाणे तांदूळ टाकले. हात जोडले. म्हटलं, देवा, माझा बोल खरा करू नको. अन् चहा झाकून आली निघून. बोलली नाई त्यायच्याशी."

तेव्हा सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. पहाटे हवा चांगली होती, म्हणून दिवा भुईवरही जळत होता. मग तो कमरेएवढ्या उंचीवर गेला. मग दादानं वरून गूळ ओतला, टाकी उसळली, खड्डा खालून भरत गेला. भुईवरचा दिवा विझला असता. स्टुलावरचा जळत राहिला. दादानं पायऱ्यांवरून पत्र्यावरचा पिवळा ठिपका पाहिला, उतरला आणि तोटीपाशी वाकला.

दुसऱ्याच्या चुका तोंडावर सांगण्यावर माझं पोट चालतं. त्या दिवशी मी ते तोंड मिटलं. "वात जाड असंल," एवढंच म्हणाले. "विझता विझता राह्यला असंल." आणि तिला जेवायला वाढलं. तिनं नेहमीसारखी अर्धी भाकरी चिवडली.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली तशी मी एक मूर्खपणा केला. दादाला वर काढताना कोणीतरी बाहेर काढलेलं ते स्टूल शेडच्या कोपऱ्यात पडलं होतं, लाकडी, तीन पायांचं, वर तेलाचा गोल डाग. मी ते उचलून मागच्या तुराट्यांच्या ढिगात खुपसलं. तिच्या नजरेला पडू नये म्हणून. चार दिवस मी तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हिला नवऱ्यानं टाकल्याचं दुःख नको म्हणून मी धावले, आणि आता त्याहून वाईट काहीतरी माझ्या हातात आहे. हे तिला कळलं तर ती जगणार नाही, अशी माझी खात्री होती. टाकी आता मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा बुडबुडायची. मी तो मधला वेळ मोजत बसायचे.

पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "स्टूल कुठं हाये, ताई?"

"कोणतं?"

"खड्ड्यातलं."

"मोडलं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मोडून बी कुठंतरी असंल ना." भाजी निवडून झाली, तिनं ती धुतली, फोडणीला घातली.

दुपारी माझा डोळा लागला. उठले तर घरात कोणी नाही. मी शेडमध्ये धावले. वीज गेलेली, पंखा बंद, आत अंधूक. वहिनी वरच्या पायरीवर उभी होती. डब्याच्या एका झाकणाला तीन ठिकाणी सुतळी बांधून तिनं तराजूच्या पारड्यासारखं केलं होतं, त्यात पेटलेली पणती, आणि ती ते पारडं हळूहळू खाली सोडत होती. तुराट्यांचा भुसा तिच्या केसांत होता. स्टूल खाली, टाकीपाशी, आपल्या जागेवर ठेवलेलं होतं; वीज होती, पंखा चालू होता तेव्हाच तिनं उतरून ठेवलं असावं.

मी तिच्या कमरेला मिठी मारून तिला धरून ठेवलं. तिनं मला झटकलं नाही, पण थांबलीही नाही. पारडं स्टुलाच्या उंचीला आलं. ज्योत सरळ होती. तिनं हातभर सुतळी आणखी सोडली. ज्योत लांबली, वातीपासून सुटली आणि गेली. तिनं पारडं वर ओढलं, काडी पेटवली, पुन्हा सोडलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तिनं ते स्टुलाच्या उंचीवरच थांबवून धरलं आणि दिवा जळत राहिला. किती वेळ धरलं असेल, मला सांगता येणार नाही. पत्र्यावर पिवळा ठिपका हलत होता.

"खाली राह्यला असता तर ते उतरले नसते," ती म्हणाली. ती विचारत नव्हती. तरी मी उत्तर दिलं.

"नाई उतरला असता."

ती पायरीवर बसली. पारडं वर घेऊन तिनं फुंकर घातली, काजळी अंगठ्यानं पुसली. मी तिच्या शेजारी बसले आणि काय काय बोलू लागले, तुला कुठं माहीत होतं, तुझ्या जागी मी असते तरी तेच केलं असतं, त्यानंच सांगायला हवं होतं. ती ऐकत नव्हती.

"मंजे माझ्यावर रुसून नाई गेले," ती म्हणाली. "मले टाकून नाई गेले ते, ताई. माझ्या हातानं गेले."

आणि तिचा चेहरा सैल झाला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दिसायचा तसा. मला त्या खड्ड्याची, त्या टाकीची, विझणाऱ्या दिव्याची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी तेव्हा तिची वाटली. जे मी चार दिवस तुराट्यांत लपवून ठेवलं होतं ते तिनं उचलून मांडीवर घेतलं होतं, आणि ते तिला जड वाटत नव्हतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "भूक लागली मले." दादा गेल्यापासून हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी उठले, घरात जाऊन पीठ मळलं आणि तवा तापत ठेवला.